पाठीमागून येताना खाकरा

ज्या देशात माझं हे सगळं झालं, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक मोबाइलवर नकाशा काढून बसतात, कोण चूक, कोण बरोबर यावर चहा संपेपर्यंत भांडतात, आणि माणूस बाजूलाच राहतो. एवढंच सांगतो की मी वेल्डर आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालला माझं लहानसं दुकान होतं. पगार चांगला म्हणून परदेशात पाइपलाइनच्या कामावर गेलो आणि तिथे लढाई सुरू झाली. साहेब लोक आधी निघून गेले. आम्ही मागे राहिलो ते बंदूकवाल्यांच्या हाती सापडलो. सुटलो तेव्हा सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या तंबूत राहिलो, आणि मग एकदाचा घरी आलो.

मार बसत होता तेव्हा मी आजारी नव्हतो. आजारी पडलो ते घरी आल्यावर, चांगली भाजी-भाकर पोटात जायला लागल्यावर. हे कोणाला पटत नाही. मलाही पटत नव्हतं. या आजाराला इलाज आहे, तो कडू आहे आणि त्याला फार वेळ लागतो, एवढं सांगायला हे लिहितोय. ज्याला घाई असेल त्याने पुढे वाचू नये.

भेटीला आलेले

आपल्याकडे माणूस मोठ्या संकटातून परत आला की गाव भेटीला येतं. येणारच. न आलं तर आपणच नावं ठेवू. मी आलो तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. माझी बायको सुनंदा सकाळी जे चहाचं पातेलं चढवायची ते दिवे लागेपर्यंत उतरायचं नाही.

"काय रे रमेश, काय खायाले देत होते तुले तिथी?"

"मारलं काय बे लय? सांग ना!"

मी सांगायचो. दहा जणांना सांगून सांगून एक गोष्ट तयार झाली होती. त्या गोष्टीत मी पहारेकऱ्याला बनवून त्याच्याकडून बिड्या काढायचो, लोक हसायचे, मीही हसायचो. खरं तर त्यांनी उठून जावं असं मला दर वेळी वाटायचं. पण "आता पुरे" हे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते. कोणी म्हटलं चहा घे, मी घ्यायचो. परत घे, परत घ्यायचो. म्हटलं पाठीवरचे वळ दाखव, तर सदरा वर करायचो. सुनंदा चुलीजवळून बघत राहायची.

दुकान उघडलं, तर वेगळीच गंमत. वेल्डिंग करताना तोंडावर घालतो तो मुखवटा मी डोक्यावरून खाली ओढला आणि अंधार झाल्याबरोबर उपटून फेकून दिला. एका माणसाचं फाटक अर्धं जोडलेलं तसंच ठेवलं आणि शटर ओढलं.

सत्कार

मग गावाने माझा सत्कार ठरवला. मला नको होता. पण नाही म्हणता येत नव्हतं हे सांगितलंच. शाळेच्या पटांगणात मंडप, माइक, खुर्च्या, सगळं झालं. सरपंच नानाभाऊ म्हणजे देवमाणूस, मी परत यावं म्हणून बुलढाण्याच्या कचेरीचे उंबरे झिजवलेले. ते शाल घेऊन माझ्याकडे आले. फोटोवाला म्हणाला, "नानाभाऊ, मांगून टाका, म्हंजे दोघांचेही चेहरे येतीन." नानाभाऊ मागे गेले. शाल जरा जोरात टाकली गेली आणि तिची कड माझ्या डोक्यावरून डोळ्यांवर आली.

तिथे आम्हाला न्यायला आले की पाठीमागून यायचे आणि डोक्यावर पोतं ओढायचे. तागाचं, आपल्याकडे सोयाबीन भरतात तसलं. पोतं चढलं की पुढचं ठरलेलं असायचं. तळपायांचं काय करायचे ते मी इथे लिहीत नाही.

त्या क्षणी पटांगण गेलं, गाव गेलं. मी कोपर मागे हाणलं. नानाभाऊंचा चष्मा फुटला, ओठ फाटला, आणि ते खाली पडल्यावरही मी थांबलो नाही. "अबे धरा याले! धरा!" असा आरडाओरडा झाला, चार जणांनी मला मागून धरलं, आणि मागून धरल्यामुळे मी अजूनच पिसाळलो. शुद्ध आली तेव्हा मी खुर्च्यांच्या मधे जमिनीवर होतो आणि माझी मुलगी पल्लवी समोर उभी होती. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. मार खाताना मला एवढी लाज वाटली नव्हती.

नानाभाऊ दुसऱ्या दिवशी ओठाला पट्टी लावून घरी आले आणि उलट मलाच म्हणाले, "मनावर घेऊ नोको, लेका." त्यांच्यापुढे मान वर झाली नाही.

शेवटची सीट

लोक म्हणाले, बाहेरचं आहे. सुनंदा मला शेगावला घेऊन गेली. दर्शनाच्या रांगेत माझ्यामागे माणसं उभी राहायला लागली तशी मी रांगेतून बाहेर पडलो. ती एकटी दर्शन घेऊन आली, माझ्या कपाळाला अंगारा लावला, आणि आम्ही स्टेशनसमोर चहा पिऊन परतलो. येताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले माहा माणूस वापस पाह्यजे होता. त्याईनं नुसतं पोतं धाडून देल्लं."

 

शेवटी गावच्या डॉक्टरने बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं, मानसिक विभागात. नावच असं की तिथे जाताना माणूस आजूबाजूला बघून घेतो. बसमध्ये मी शेवटच्या सीटवर बसायला लागलो. घाटात तिथे हाडं खिळखिळी होतात, म्हणून ती सीट नेहमी रिकामी असते. पण तिच्यामागे कोणी बसू शकत नाही. ज्याला हा आजार आहे त्याला हे सुख कळेल.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, झोपेची गोळी लिहिली आणि म्हणाले, "हा वेडेपणा नाही. ते सगळं संपलंय हे तुमच्या डोक्याला कळलंय, अंगाला अजून कळलेलं नाही." आजाराचं लांबलचक नाव त्यांनी सांगितलं, ते मी घाटातच विसरलो. पण आजाराला नाव आहे, म्हणजे तो माझ्या आधी कोणालातरी झालेला आहे, याचं बरं वाटलं. मग त्यांनी मला शेजारच्या खोलीत, समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं.

टोपी

मॅडम पल्लवीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "रमेशभाऊ, या उपचारातून तुम्हाला काय हवंय?"

मी पटकन सांगून टाकलं, कारण घरात तेव्हा तेवढा एकच विषय होता. "पोरीच्या साक्षगंधात व्याह्याच्या हातची टोपी घालून घ्यायची हाये मले. कोणाले न मारता."

पल्लवीचं जमत आलं होतं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आमच्याकडे व्याही एकमेकांना टॉवेल-टोपी करतात. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, मग मिठी. त्याशिवाय सोयरीक झाल्यासारखी वाटत नाही. सत्काराची हकीकत ऐकल्यावर माझा मेहुणा दिगांबर, सुनंदाचा भाऊ, घरी येऊन म्हणाला होता, "भाऊजी, राग नोका मानू. तुमी मांडवात या, जेवा. पण टोपीच्या टायमाले मी उभा राह्यतो." सुनंदाने मान हलवली होती. व्याह्यावर हात उचलला तर पोरीचं काय होईल, हे तिचं म्हणणं चूक नव्हतं. चहा देता देता पल्लवी मात्र म्हणाली, "टोपी बाबाच घालून घेतीन. मामा नाई." कप ठेवून ती आत निघून गेली. सत्कारानंतर तिने माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

मॅडम हसल्या नाहीत. "ठीक आहे, टोपी तर टोपी," म्हणाल्या.

चॉकची रेघ

त्यांची पद्धत अशी होती की जमिनीवर दोरी पसरायची, ती म्हणजे आपलं आयुष्य. जन्मापासून आजपर्यंत. वाईट झालं तिथे गोटा ठेवायचा, चांगलं झालं तिथे फूल. त्यांनी कप्प्यातून दोरी काढली. मी उठलो आणि थेट बसस्टँडवर येऊन बसलो. त्यांना काय माहीत, दोरीशी माझी काय ओळख आहे!

पुढच्या खेपेला मीच म्हटलं, दोरी नको, रेघ मारू. वेल्डरच्या खिशात चॉक असतोच. मी भिंतीपासून दारापर्यंत फरशीवर सरळ रेघ मारली. झाडणारी मावशी म्हणाली, "आता हे पुसाचं कोनं?" मॅडम म्हणाल्या, "मी पुसते." आणि त्या खरोखर दर वेळी पुसायच्या.

फुलं प्लास्टिकची होती. पल्लवीच्या जन्माला एक ठेवलं, लग्नाला एक, दुकान उघडलं तिथे एक. गोटे ठेवायला लागलो आणि हात थकला. मग एकेका गोट्यापाशी जाऊन सांगायचं. बिडीवाली गोष्ट चालायची नाही. सुरुवातीला मी साहेबासमोर बोलतात तसं पेपरातल्या मराठीत सांगायचो. "नंतर आम्हाला एका खोलीत ठेवण्यात आले," असं. मॅडम म्हणाल्या, "घरी बोलता तसं बोला ना." घरची बोली सुरू झाली आणि पोत्याचा वास आला. मळका, ओला, कोणाच्या तरी आधीच्या घामाचा. मी खुर्ची घट्ट धरली.

"काय वास येतोय?" त्या विचारायच्या. "पाय कुठे आहेत तुमचे?" आणि मी फार खोल गेलो की, "ही खोली कुठली?"

"बुलढाणा."

"खिडकीतून काय दिसतं?"

"तुमची स्कूटी."

"मग चला पुढे."

एवढंच. याला उपचार म्हणतात हे मला बरेच दिवस कळलं नाही. बोलून काय होतं, असं मला वाटायचं. पण घरी येताना अंगात दिवसभर कापूस वेचल्यासारखा थकवा असायचा. दोन दिवस मी नुसता पडून राहायचो. स्वप्नं आधी वाढली. गोळीने तोंड कोरडं पडायचं. कित्येकदा म्हटलं, मरू दे ती टोपी, दिगांबरच घालून घेऊ दे. जायचं मन नसलं की सुनंदा डबा भरून दारात उभी राहायची.

एक शब्द

एकदा एका गोट्यापाशी अडकलो. मॅडमनी विचारलं, "तेव्हा तुम्ही काय म्हणत होतात?"

"थांबा म्हणत होतो." बंदूकवाल्यांच्या भाषेतला तो शब्द मी सगळ्यात आधी शिकलो होतो.

"मग?"

"मंग ते हासत. अन् जास्त मारत. मंग म्हणनंच सोडून देल्लं."

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "आणि अजून सोडलेलंच आहे का?"

चहा, भेटीला येणारे, वर केलेला सदरा, तो सत्कार, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मी ढसढसा रडलो. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

त्या म्हणाल्या, आता मी बोलत राहते, तुम्ही मधेच थांबा म्हणा. इतकी सोपी गोष्ट. पण त्या पावसाचं, भाजीच्या भावाचं बोलत राहायच्या आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. किती फेऱ्या तशा गेल्या. एके दिवशी तो निघाला. फार बारीक. मॅडम वाक्याच्या मधेच थांबल्या, तोंड उघडंच, आणि मी चला म्हणेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मला हसू आलं. पण येताना बसमध्ये वाटलं, त्यांचं कामच ते आहे. बाहेर कोण थांबतं?

टीबीची बातमी

एका खेपेला मॅडमनी सुनंदालाही बसवलं. त्या दिवशी मी एका गोट्याच्या शेजारी फूल ठेवलं. सुनंदाला नवल वाटलं, "तिथी कायचं फूल?"

ते सुलेमानचं होतं. सुलेमान तिथलाच, आमच्या गाडीचा ड्रायव्हर, माझ्यासोबत कोंडलेला. त्या अंधाऱ्या खोलीत कोणी पाठीमागून हलला की सगळ्यांचा जीव जायचा. म्हणून सुलेमानने रीत घातली. आपल्यातला कोणी जवळ येत असेल तर त्याने आधी खाकरायचं. खाकरला म्हणजे आपला माणूस. बंदूकवाले खाकरत नसत.

सुनंदा ऐकत होती. मग म्हणाली, "हे तं मामंजी करत होते तसंच हाये." खरंच. माझे वडील घरात शिरताना ओट्यावरूनच खाकरायचे, म्हणजे सुनेला डोक्यावरचा पदर सारखा करायला वेळ मिळे. ती तेव्हा त्याला वैतागायची.

त्या दिवसापासून ती खाकरायला लागली. चहा आणताना, अंगणातून आत येताना, मी पाठमोरा बसलो असताना. घरात माझं दचकणं निम्म्यावर आलं. पण गल्लीत सुनंदाला टीबी झाल्याची बातमी पसरली. एके सकाळी सरकारी दवाखान्याच्या आशाताई थुंकीची डबी घेऊन दारात हजर. "वयनी, खोकला कवापासून हाये?"

सुनंदा म्हणाली, "खोकला नाई व बाई, नवरा हाये."

पल्लवी आत पोट धरून हसत होती. घरात किती दिवसांनी हसण्याचा आवाज आला. मग त्या दोघींनी टॉवेल हातात घेऊन माझा सराव सुरू केला. आधी समोरून, हात दिसतील असा. मग बाजूने. मागून मात्र जमायचं नाही. मागून आला की दात आवळले जायचे आणि सुनंदा टॉवेल घडी करून ठेवून द्यायची. "राहू द्या, उद्या पाहू," म्हणायची.

सुलेमान अजून सरहद्दीपलीकडच्या त्या निर्वासितांच्या तंबूतच आहे. आमच्या कामावर शिकलेल्या मोडक्या हिंदीत कधीतरी फोन करतो. मी त्याला मॅडमबद्दल सांगतो, चॉकच्या रेघेबद्दल सांगतो. तो ऐकून घेतो. त्याच्याकडे अशी खोली नाही आणि अशी मॅडमही नाही. म्हणतो, तंबूला दारच नाही, खाकरायचं कुठे उभं राहून? मी हसतो आणि फोन ठेवतो.

साक्षगंध

साक्षगंध शेगावला झालं, एका कार्यालयात. मी सकाळीच गळून गेलो होतो. गर्दी, स्पीकर, नव्या कपड्यांचा वास. दिगांबर तयार होऊन माझ्या बाजूला उभा होता, नजर माझ्या हातांवर. होणारे व्याही गजाननराव खामगावकडचे, किराणा दुकानवाले, जाडजूड, मोकळे. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पोरीचा बाप मेंटल, असं ऐकून कोण सोयरीक करतं?

नाव पुकारलं. मी पुढे गेलो. गजाननराव टॉवेल-टोपी घेऊन समोर आले आणि तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "काका, थोडे मांगं जा ना, फोटो चांगला येईन."

गजाननराव माझ्या मागे गेले.

मी आधी दारं बघितली. मग मॅडमचं आठवलं. ही खोली कुठली? शेगाव. समोर काय दिसतं? पल्लवी. हिरवी साडी, हातात हळदीकुंकवाचं ताट, ती माझ्याकडेच बघत होती. मानेला टॉवेलची कड लागली. कोपर आपोआप मागे सरकायला लागलं. दिगांबर पुढे झाला.

"थांबा," मी म्हणालो.

मोठ्याने म्हणालो. मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं असेल. स्पीकरवरचा माणूस गप्प झाला.

गजाननराव थांबले. टॉवेल हवेतच. ना हसले, ना रागावले, ना पुढे आले. नुसते थांबले.

"समोरून घाला, व्याहीबुवा," मी म्हटलं. "मले मांगून चालत नाई."

"बरं," ते म्हणाले, आणि फोटोवाल्याकडे पाठ करून माझ्यासमोर आले. त्यांचे दोन्ही हात मला दिसत होते. टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली, जराशी सरळ केली. मग मिठी. त्या मिठीनेच मला उभं धरलं. फोटोत गजाननरावांची नुसती पाठ आली आहे. पल्लवीने तोच फोटो भिंतीवर लावलाय.

मी बरा झालो असं मी लिहिणार नाही. बुलढाण्याच्या फेऱ्या चालू आहेत, शेवटची सीट अजून सुटलेली नाही. वेल्डिंगला मुखवटा न घालता हातात काच धरून काम करतो. घरात पोती ठेवतो त्या खोलीत जात नाही. थकवा आहे तो आहेच.

पण त्या दिवशी पंगतीत मी जेवायला बसलो होतो. टोपी अजून डोक्यावरच होती. सुनंदा व्याह्यांशी काही बोलून आली होती, काय ते मी विचारलं नाही. वांग्याच्या भाजीचा घास तोंडाशी नेला आणि माझ्या पाठीमागे, बऱ्याच लांबून, कोणीतरी जाडजूड आवाजात खाकरलं. मग थोडं जवळून, पुन्हा एकदा.

मी मागे वळून बघितलं नाही. "या," म्हटलं, आणि घास खाल्ला. गजाननरावांनी पाठीमागून वाकून माझ्या ताटात बुंदी वाढली.